कॉलेजच्या गावात कार्यक्रम करताय? मग आधी व्हिजिटर्स ब्युरो समजून घ्या

काही वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनमधल्या मराठी लोकांनी दिवाळीचा गाण्याचा कार्यक्रम ठरवला. हॉल मिळाला, गाणारे इंडियानापोलिसचे, तबल्याला लुईव्हिलहून एकजण येणार, फराळाची वाटणी झाली, चकली कोणाकडे अनारसे कोणाकडे सगळं ठरलं, आणि मग सिनसिनाटीहून येणाऱ्या एका काकूंचा फोन आला की अगं राहायला हॉटेलच मिळत नाहीये. बघते तर त्या शनिवारी युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमची होम गेम, म्हणजे आमच्या गावातच सामना. गावातली खोली मिळत होती ती एरवीच्या तिप्पट भावाने, आणि तीही दोन रात्री घेतल्या तरच. बाहेरगावचे निम्मे लोक आलेच नाहीत. अनारश्यांचे डबे तसेच्या तसे घरी आले, ते बघून मला खरंच रडू फुटलं.

तेव्हा मला व्हिजिटर्स ब्युरो नावाची गोष्ट गावात असते एवढंच माहीत होतं, म्हणजे नकाशे आणि माहितीपत्रकं ठेवलेलं ऑफिस. ते काम कसं करतं, कोणाच्या पैशावर चालतं, आपल्यासारख्या छोट्या ग्रुपला त्याचा काय उपयोग हे काहीच माहीत नव्हतं. आता बऱ्यापैकी कळलंय म्हणून लिहितेय. थोडक्यात, बाहेरच्या लोकांना गावात आणायचं काम करणारी ही संस्था. मी इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनबद्दल बोलणार कारण तेच मला माहितीये, पण ॲन आर्बर, शॅम्पेन-अर्बाना, स्टेट कॉलेज अशा गावात तुम्ही असाल तरी गणित साधारण हेच आहे.

तर पहिली गोष्ट, पैसा कुठून येतो. हॉटेलचं बिल नीट वाचा. राज्याचा ७ टक्के सेल्स टॅक्स असतो आणि त्याशिवाय काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, वेगळा टॅक्स असतो, इंडियानात त्याला इनकीपर्स टॅक्स म्हणतात. म्हणजे बाहेरून आलेला माणूस रात्री इथे झोपला की काउंटीला पैसे मिळतात, आणि ब्युरो मुख्यतः त्या पैशावर चालतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं. ब्युरोच्या दृष्टीने गावात किती माणसं आली यापेक्षा किती जणांनी मुक्काम केला हे जास्त महत्त्वाचं. आपल्याला हे कळायला अवघड नाही, पालखी गावावरून नुसती पुढे गेली आणि पालखीचा मुक्काम पडला यात केवढा फरक असतो ते वारीच्या वाटेवरच्या कुठल्याही गावाला विचारा. मुक्कामाच्या गावात रात्रभर चुली पेटलेल्या असतात.

म्हणून ब्युरोकडे जाऊन "आमची संस्कृती खूप समृद्ध आहे, ती सगळ्यांपर्यंत पोचावी" एवढंच सांगितलंत तर समोरची बाई छान हसेल, चांगलं बोलेल, आणि फारसं काही होणार नाही. तिला वाईट वाटत नसतं असं नाही पण तिलाही वर्षाच्या शेवटी तिच्या बोर्डाला काहीतरी दाखवायचं असतं. तेच तुम्ही सांगितलंत की दीडशे लोक येतील, त्यातले साठ शिकागो आणि सिनसिनाटीचे, ते शुक्रवारी रात्री येऊन रविवारी सकाळी जातील, तर ती लगेच पेन उचलते.

आता कॉलेजच्या गावाचं वेगळेपण. ब्लूमिंग्टनची वस्ती २०२० च्या जनगणनेत ७९ हजारांच्या आसपास होती आणि इंडियाना युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी ४० हजारांवर. युनिव्हर्सिटी १८२० पासूनची, म्हणजे गाव आणि कॉलेज जवळजवळ बरोबरच वाढले. अशा गावात वर्षातले काही वीकएंड असे असतात की एक खोली मिळणार नाही, आणि काही आठवडे असे की रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. स्टेट कॉलेजमध्ये तर हे टोकाचं, तिथल्या बीव्हर स्टेडियममध्ये लाखावर माणसं बसतात आणि गावची वस्ती ४० हजारांच्या घरात. भरलेल्या वीकएंडला ब्युरोने काही केलं नाही तरी हॉटेलं भरणारच आहेत. त्यांचा खरा जीव अडकलेला असतो तो रिकाम्या आठवड्यांत. तिथेच आपली जागा आहे!

त्यामुळे कार्यक्रमाची तारीख धरायच्या आधी एक कागद घ्या आणि गावाचं वर्ष लिहून काढा. आमचं असं आहे. ऑगस्टच्या शेवटी विद्यार्थी येतात, त्यांचे आईवडील गाद्या नि फ्रीज गाडीत घालून येतात, हॉटेलं फुल्ल. सप्टेंबर ते नोव्हेंबर फुटबॉल, साधारण सहा-सात शनिवार होम गेमचे, त्यातला एक होमकमिंगचा म्हणजे जुने विद्यार्थी गावी येतात तो. मध्येच सप्टेंबरच्या शेवटाकडे लोटस फेस्टिव्हल. थँक्सगिव्हिंगला विद्यार्थी घरी, त्या शुक्रवारी कोर्टहाऊसच्या चौकात दिव्यांच्या माळा लावतात ते बघायला आसपासचे लोक येतात, मग डिसेंबर मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत गाव सामसूम. एप्रिलमध्ये लिटल ५०० ही सायकल शर्यत. मेच्या पहिल्या पंधरवड्यात पदवीदान, त्या वीकएंडची खोली लोक वर्षभर आधी धरून ठेवतात. आणि मग जून-जुलै निवांत.

आता शेजारी आपलं पंचांग ठेवा. गणपती आणि दिवाळी दोन्ही फुटबॉलच्या मोसमात येतात, पाडवा कधी कधी लिटल ५०० च्या आसपास, आणि १ मे तर पदवीदानाच्या अगदी तोंडावर. म्हणजे आपले बहुतेक मोठे सण हे या गावाच्या सगळ्यात गर्दीच्या दिवसांत. सणाची तारीख आपण बदलू शकत नाही पण कार्यक्रमाची बदलू शकतो, नाहीतरी इथे सगळं वीकएंडलाच करतो आपण. गणपतीचा किंवा दिवाळीचा मोठा कार्यक्रम टीम बाहेरगावी खेळायला जाते त्या शनिवारी ठेवा. गेमच्या तारखा बऱ्याच आधी कळतात, सामन्याची वेळ मात्र टीव्हीच्या हिशोबाने ठरते आणि पुष्कळदा आठवडा-दोन आठवडे आधीच कळते, त्यामुळे "गेम दुपारी असेल, आपण संध्याकाळी करू" असल्या भरवशावर राहू नका. आम्ही राहिलो होतो.

आणि दोन सण ब्युरोसाठी सोन्यासारखे आहेत, संक्रांत आणि आषाढी. संक्रांत जानेवारीच्या मध्यात, तेव्हा खोल्या स्वस्त असतात, हॉल मिळतो. आषाढी जून-जुलैत, कॅम्पस रिकामं आणि हवा चांगली. हे मला कोणी सांगितलं नाही, कागदावर दोन कॅलेंडरं शेजारी ठेवली तेव्हा दिसलं.

ब्युरो स्वतः हेच करतो ते बघा. आमच्या भागातून निघणारा चुनखडीचा दगड, लाइमस्टोन, अमेरिकाभर प्रसिद्ध आहे, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला हाच दगड लागलाय. खाणी काही आज उघडल्या नाहीत, पण आमचा व्हिजिट ब्लूमिंग्टन, म्हणजे मन्रो काउंटीचा ब्युरो, शेजारच्या काउंटीला बरोबर घेऊन जून हा लाइमस्टोनचा महिना म्हणून मिरवतो. दगडी कोरीवकाम बघायला लोकांना जुन्या दफनभूमीत नेतात, कॅम्पसच्या इमारतींच्या भिंतींवर कोरलेली चित्रं दाखवतात. दगड बारा महिने तिथेच आहे. त्यांनी त्याला महिना दिला, आणि नेमका रिकामा महिना दिला. मला हे फार आवडतं.

लोटस फेस्टिव्हलचीही रचना बघण्यासारखी आहे. १९९४ पासून चालू आहे, जगभरचं संगीत असतं. नाव ऐकून आपल्याला कमळ आठवतं पण ते लोटस डिकी नावाच्या इंडियानातल्याच एका लोकगायकावरून आहे. डाउनटाउनमधल्या जवळजवळच्या जागांमध्ये, म्हणजे जुनं थिएटर, चर्च, तंबू अशा ठिकाणी एकाच वेळी मैफली चालू असतात आणि लोक इथून तिथे चालत जातात. चालता चालता जेवतात, आईस्क्रीम खातात, दुकानात शिरतात. ब्युरोला असा कार्यक्रम का आवडतो ते तुम्हीच समजून घ्या. एका हॉलमध्ये कोंडून चार तास बसवलेल्या कार्यक्रमापेक्षा गावात फिरवणारा कार्यक्रम गावाला जास्त देतो, म्हणून आपलाही कार्यक्रम शक्य असेल तर डाउनटाउनजवळ ठेवा, कडेच्या शाळेचा हॉल पन्नास डॉलर स्वस्त पडत असला तरी.

८ एप्रिल २०२४ चं खग्रास सूर्यग्रहण पण असंच. ब्लूमिंग्टन बरोबर पट्ट्यात होतं, चार मिनिटं पूर्ण अंधार, आणि तो सोमवार होता. चार मिनिटांसाठी माणूस येणार आणि जाणार, पण गावाने आणि युनिव्हर्सिटीने त्याचा अख्खा वीकएंड केला, स्टेडियममध्ये मोठा कार्यक्रम ठेवला. तेव्हापासून मी कुठलाही कार्यक्रम आखताना स्वतःला विचारते की आदल्या संध्याकाळी काय आणि दुसऱ्या सकाळी काय. या दोन प्रश्नांची उत्तरं असली की मुक्काम होतो.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते.

किमान चार महिने आधी ईमेल करा, छापील व्हिजिटर गाइडमध्ये नाव यायला हवं असेल तर त्याहून खूप आधी, कारण ती वर्षातून एकदा छापतात. ब्युरोच्या वेबसाईटवर इव्हेंट कॅलेंडर असतं, त्यात स्वतःचा कार्यक्रम टाकायचा फॉर्म असतो, तो भराच. पण नुसता फॉर्म भरून थांबू नका, भेट मागा. अर्धा तास मिळतो, लोक खरंच चांगले असतात, त्यांचं कामच ते आहे. आणि भेटीला गेल्यावर ताकाला जाऊन भांडं लपवू नका, काय हवंय ते सरळ सांगा, म्हणजे सोशल मीडियावर एक पोस्ट हवीये, न्यूजलेटरमध्ये चार ओळी हव्यात, पाहुण्यांसाठी हॉटेलशी बोलून द्याल का. हे शेवटचं लोक विचारतच नाहीत. याला रूम ब्लॉक म्हणतात, दहा-पंधरा खोल्या ठरलेल्या भावाने आपल्या पाहुण्यांसाठी धरून ठेवायच्या. मात्र खोल्या घेतल्या गेल्या नाहीत तर पैसे भरायची जबाबदारी आपली आहे का ते हॉटेलकडून लेखी विचारा, यात कधीही भिडेला पडू नका.

लोक कुठून येणार याचा खरा अंदाज द्या. आमच्याकडे मराठी लोकांची मोठी वस्ती कोलंबसला आहे, म्हणजे इंडियानातलं कोलंबस, इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्यालय तिथे आहे आणि पुण्याच्या कमिन्समधून आलेली कितीतरी घरं. पण कोलंबस तासाभरावर, ते रात्री घरी जाणार. इंडियानापोलिसही तसंच. मुक्कामाला राहणार ते शिकागो, सिनसिनाटी, लुईव्हिलचे. आकडा फुगवू नका, दीडशे सांगून साठ आले की पुढच्या वर्षी तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही, आणि तुमच्या मागून येणाऱ्या तमिळ नि बंगाली ग्रुपच्याही नाही.

मग मजकूर. इथे आपण सगळ्यात जास्त चुकतो. आम्ही आषाढीला छोटी दिंडी काढायची ठरवली, बी-लाइन ट्रेलवर, ही जुन्या रेल्वेलाईनच्या जागी केलेली पायवाट आहे, तीन मैलांच्या आसपास, डाउनटाउनमधून जाते. पहिला मजकूर आमच्यातल्या एका दादांनी लिहिला, त्यात होतं की आषाढी एकादशीच्या पवित्र पर्वावर सांस्कृतिक कार्यक्रमाचं आयोजन करण्यात आलं आहे, सर्वांनी उपस्थित राहावे. इंग्रजीत केलं तरी ते तसंच होतं. ब्युरोच्या बाईंनी वाचलं आणि अगदी मनापासून विचारलं, की मी आले तर मला तिथे काय करायला मिळेल?

परत लिहिलं. सकाळी नऊला निघायचं, टाळ-मृदंगाच्या तालावर एक मैल चालायचं, हातात टाळ आम्ही देऊ, पावली कशी घालायची ते शिकवू. पांढरे कपडे असतील तर घाला, नसतील तर असाल तसे या. शेवटी सावलीत साबुदाण्याची खिचडी आणि ताक. मुलांच्या गाड्या आणि व्हीलचेअर चालतील. फुकट. पार्किंग अमुक गॅरेजमध्ये. महाराष्ट्रात लाखो लोक शेकडो वर्षं पंढरपूरला असेच चालत जातात, ही एक ओळ अगदी शेवटी. सगळं मिळून साठ-सत्तर शब्द. त्या सकाळी कितीतरी अमेरिकन माणसं आली, एक आजी तर नातवाला घेऊन शेवटपर्यंत टाळ वाजवत होत्या आणि नंतर विचारत होत्या की विठ्ठलाचे हात कमरेवर का असतात. मी पुंडलिकाची गोष्ट सांगितली, विटेसकट. रस्त्याच्या कडेला उभं राहून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. माझ्या बाबांनी आयुष्यभर वारी केली, त्या क्षणी मला ते शेजारी उभे आहेत असं वाटलं.

असो. फोटो. ब्युरोला आडवे, मोठ्या साईजचे, माणसांचे चेहरे दिसणारे फोटो हवे असतात. आपण पाठवतो स्टेजवर ओळीत उभे राहिलेले चाळीसजण आणि मागे बॅनर, तेही व्हॉट्सॲपवरून आलेले म्हणजे निम्मे धुरकट. ते कुठेही लागत नाहीत. टाळ धरलेले हात, खिचडीची वाटी घेतलेलं पोर, हसणारी आजी, असे पाच फोटो पुरतात. ज्यांचे चेहरे दिसतात त्यांची, मुलांच्या बाबतीत आईवडिलांची, लेखी परवानगी घेऊन ठेवा.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते. ट्रेल किंवा पार्क वापरायचं तर शहराच्या पार्क्स डिपार्टमेंटला विचारा, विम्याचा कागद मागू शकतात. खाणं वाटायचं तर काउंटीच्या हेल्थ डिपार्टमेंटला आधी फोन करा, घरी शिजवलेलं लोकांना वाटण्याचे नियम असतात. आणि लक्षात ठेवा की ब्युरो वेगळा, शहर वेगळं आणि युनिव्हर्सिटी वेगळी. ब्युरोने "छान कल्पना आहे" म्हटलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही.

आदली संध्याकाळ आणि दुसरी सकाळ यासाठी पाहुण्यांना गावच दाखवा, वेगळं काही उभारायची गरज नाही. फोर्थ स्ट्रीटवर जुन्या घरांमधून चालणारी तिबेटी, भारतीय, थाई रेस्टॉरंट आहेत, एका रांगेत. एवढ्याशा गावात तिबेटी जेवण कुठून आलं असं सगळे विचारतात, तर दलाई लामांचे थोरले भाऊ थुबतेन जिग्मे नोरबू इथे युनिव्हर्सिटीत शिकवायचे, त्यांनी १९७९ साली इथे तिबेटी केंद्र सुरू केलं, आणि १९९९ मध्ये दलाई लामा इथे कालचक्र दीक्षा द्यायला आले होते. भारतातून आईबाबा आलेले असतील तर त्यांना तिथे जरूर न्या, शांत जागा आहे. कॅम्पसवरचं आर्ट म्युझियम आहे, गावाबाहेर मन्रो लेक आहे. याचा एक पानाचा कागद करून ब्युरोला आधी दाखवा, ते दोन गोष्टी सुधारून देतात आणि पुष्कळदा स्वतःचे नकाशे नि गाइडही फुकट देतात, पाहुण्यांच्या पिशव्यांत घालायला.

जाहिरातीसाठी फक्त ब्युरोवर विसंबू नका. गावात लोकांनी चालवलेला डब्ल्यूएफएचबी रेडिओ आहे, शनिवारचा फार्मर्स मार्केट आहे, लायब्ररीचा बोर्ड आहे. विद्यार्थ्यांसाठी वेगळं सांगावं लागतं, ते ब्युरोची वेबसाईट बघत नाहीत. विद्यार्थी तसेही इथेच राहतात, ते मुक्कामाच्या हिशोबात नाहीत, पण त्यांच्याशिवाय ढोल कोण उचलणार?

कार्यक्रमाच्या दिवशी एक काम काहीही झालं तरी करा. दारात एक वही आणि एक शांत स्वभावाचं माणूस बसवा, आणि येणाऱ्या प्रत्येक घराला झिप कोड, म्हणजे आपला पिनकोड, आणि आज रात्री इथे राहणार का एवढंच विचारा. नाव नको, फोन नको. आमच्याकडे हे काम एक आजोबा करतात, रिटायर्ड पोस्टमास्तर, मुलाकडे आलेले. त्यांच्या वहीत एक ओळ चुकत नाही. ती वही म्हणजे तुमच्या हातातली खरी ताकद आहे. भाषणं, सत्कार, स्मृतिचिन्हं यातलं काहीही कमी करा पण वही नको.

दोन आठवड्यांच्या आत ब्युरोला एक पानाचा अहवाल पाठवा. किती घरं आली, किती झिप कोड, किती जणांनी मुक्काम केला, पाच चांगले फोटो, आणि काय चुकलं तेही. आम्ही लिहिलं होतं की पाण्याचे माठ कमी पडले आणि सुरुवातीची जागा लोकांना सापडत नव्हती. पुढच्या वेळी ब्युरोनेच आम्हाला त्यांच्या न्यूजलेटरमध्ये नकाशा घालून दिला, न मागता. बऱ्याच ब्युरोंकडे छोट्या कार्यक्रमांसाठी थोडी रक्कमही बाजूला ठेवलेली असते, पण ती मागायची तर असे आकडे हातात असावे लागतात, म्हणून पहिल्या वर्षी पैसे मागू नका, दुसऱ्या वर्षी अहवाल घेऊन जा.

यंदा आम्ही संक्रांतीला हात घालतोय. जानेवारीतला शनिवार धरलाय, बास्केटबॉलची होम गेम नाही हे दोनदा तपासून. शुक्रवारी संध्याकाळी येणाऱ्यांसाठी घराघरांत हळदीकुंकू, शनिवारी हॉलमध्ये तिळाच्या वड्या करायला शिकवायच्या आणि बाहेर बर्फ नसेल तर पतंग. ब्युरोला सप्टेंबरमध्येच लिहिलं. त्यांचं उत्तर आलं त्यात पहिला प्रश्न होता, रूम ब्लॉक किती खोल्यांचा हवाय. आम्ही बारा सांगितल्यात.